वहाण आणि वाहन



घरात एखादं गाडीवेडं माणूस असलं की त्याच्या वाढदिवसाची भेट शोधणं सुरुवातीला सोपं जातं. गाडीचं छोटं मॉडेल, किल्लीची चेन, फॉर्म्युला वनच्या संघाची टोपी. एवढं सगळं देऊन झालं की मग विषय बुटांवर येतो. फेरारीचा उधळलेला घोडा, बीएमडब्ल्यूचे तीन रंगांचे पट्टे, मर्सिडीजचा तारा असलेले बूट दुकानात आणि मोबाइलवर ओळीने मांडलेले असतात. किंमत वाचली की आपण मनातल्या मनात तिची महिन्याच्या किराण्याशी तुलना करतो. आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "गाडी चालवायला असेच बूट लागतात." दुसरा म्हणतो, "आमचे बाबा साध्या चपलांवर मुंबई-कोल्हापूर करायचे, त्यांचं काही अडलं का?"

आजच्या गप्पा या बुटांच्या. शौकीन मंडळी काय म्हणतात, त्यात तथ्य किती, आणि तुमच्या-माझ्या घरात कुणी काय घालून गाडी चालवावी, ते पाहू.

मी राहते ते बंगळुरूचं जे. पी. नगर. नाव जयप्रकाश नारायणांचं, आणि ओळख म्हणाल तर रंगशंकरा नाट्यगृहाची आणि रहदारीची. इथल्या गाडीवेड्यांचा दिवस रविवारी पहाटे उजाडतो. रस्ते मोकळे असतात तेवढ्यात कुणी नाइस रोडला लागतो, कुणी कनकपुरा रस्त्याने निघतो, कुणी म्हैसूर रस्त्यावर बिडदीला तट्टे इडली खायला जातो. ऊन चढायच्या आत सगळे परत. या मंडळींत फेरारीवाला कुणी नसतो. जुनी पोलो, एखादी ऑक्टाव्हिया, जपून ठेवलेली होंडा सिटी. त्यातली पोलो तर आपल्या चाकणची. २०२२ साली तिचं उत्पादन थांबलं, पण माया काही आटलेली नाही. अशा मंडळींसमोर फिल्टर कॉफीच्या टेबलावर बुटांचा विषय काढून बघा. इडली गार होते, पण वाद गार होत नाही.

चार मतं

पहिलं मत सगळ्यात फटकळ. "घोड्याचं चित्र पायात घातलं म्हणून अल्टोची फेरारी होत नाही." या लोकांच्या लेखी गाडीच्या चिन्हाचे बूट म्हणजे निव्वळ जाहिरात, आणि तीही आपल्याच पैशाने केलेली.

दुसरं मत तळव्याचं. पातळ तळाचा, पायाला घट्ट बसणारा बूट घातला की ब्रेक किती दाबला गेला, क्लच नेमका कुठे धरतो, हे पायाला समजतं. जाड गादीच्या पळायच्या बुटांत ते समजत नाही. त्यांना चिन्हाशी देणंघेणं नसतं, तळाशी असतं.

तिसरं मत अनवाणी पायाचं. लांब पल्ल्याचे कितीतरी ट्रकचालक चपला काढून बाजूला ठेवतात आणि रात्रभर गाडी हाकतात. पायाएवढं चांगलं दुसरं काय समजणार, असं हा पक्ष विचारतो.

चौथं मत मला सगळ्यात आपलं वाटतं. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो. इथे बंगळुरूत आयुधपूजेला चाकाखाली लिंबू ठेवतात आणि कोहळा फोडतात. ज्या गाडीला हात जोडायचे, तिचं चिन्ह पायात कसं घालायचं? हे बोलणारा माणूस पन्नाशीचा असेलच असं नाही; चांगले तिशीतले लोकही असं म्हणतात. आपल्याकडे म्हणच आहे ना, पायातली वहाण पायातच बरी!

गंमत बघा, मराठीत वहाण आणि वाहन हे शब्द कानाला जुळे वाटतात. खरं तर वहाण आली संस्कृतातल्या 'उपानह्'पासून आणि वाहन आलं 'वह्' म्हणजे वाहून नेणं यापासून. नातं नसलेल्या या दोघांची गाठ पडते ती गाडीच्या पेडलवर. त्या गाठीचा इतिहासही मोठा मजेदार आहे.

चांभाराने सोडवलेला प्रश्न

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचं बेट आहे. तिथल्या डोंगरातल्या वळणावळणाच्या साध्या रस्त्यांवर 'तार्गा फ्लोरिओ' नावाची शर्यत १९०६ पासून होत असे. तास न् तास चालणारी शर्यत, एकामागून एक वळणं, आणि पाय सतत ब्रेक-क्लच-ॲक्सिलरेटरवर. जवळच्या चेफालू गावात फ्रांचेस्को लिबेर्तो नावाचे चांभार होते. लोक त्यांना 'चिच्चो' म्हणत. १९६० च्या दशकात शर्यतीसाठी आलेल्या चालकांनी त्यांच्याकडून गाडी चालवायचे बूट करून घेतले. तळ पातळ, कातडं मऊ, पायाला बेतून शिवलेले. पुढे मोठमोठे शर्यतपटू त्यांचे गिऱ्हाईक झाले. जगातल्या वेगवान गाड्यांचा प्रश्न एका गावातल्या चांभाराने दोरा आणि आरी घेऊन सोडवला, हे मला फार आवडतं.

त्याच सुमारास, १९६३ साली, जान्नी मोस्तीले या इटालियन कारागिराने दुसरी युक्ती काढली. मऊ चामड्याच्या बुटाला अखंड तळ लावायचाच नाही; तळाला भोकं पाडून त्यातून रबराचे छोटे उंचवटे बाहेर काढायचे. बूट मोज्यासारखा वाकतो आणि रबरामुळे पेडलवरून घसरत नाही. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि नाव ठेवलं 'कार शू'. पुढे 'टॉड्स' कंपनीने याच धर्तीचा 'गोम्मिनो' जगभर नेला. त्याच्या तळाला १३३ उंचवटे असतात. फियाटचे प्रमुख जान्नी आन्येल्ली असे बूट वापरत, म्हणून श्रीमंतांत त्यांची टूम निघाली. हीच ती फियाट, जिची गाडी आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची आणि जिच्यात आपल्या आधीच्या पिढीने चपला घालून अख्खा महाराष्ट्र पालथा घातला.

आता या गोष्टीतला आपला भाग. 'कार शू' हे नाव २००१ साली प्रादा कंपनीकडे गेलं. तीच प्रादा, जिच्या जून २०२५ मधल्या मिलानच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायात हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आपल्याकडे एकच गदारोळ उठला. सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेतल्याचा राग होता, आणि तो रास्तच होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या चार जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणजे आम्हा बंगळुरूच्या मराठी माणसांना ती दोन्हीकडून आपली! गाडी चालवण्यासाठीच जन्मलेला बूट आणि गाडी चालवायला मुळीच न बेतलेली चप्पल, दोन्ही एकाच कंपनीच्या दारात जाऊन पोचली.

चिन्हाचा बूट आणि शर्यतीचा बूट

दुकानात गाडीच्या चिन्हाचा बूट दिसला की तो शर्यतीतलाच असणार असं आपण धरून चालतो. तिथेच सगळा घोळ होतो.

खरा शर्यतीचा बूट आगीपासून वाचवण्यासाठी असतो. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगवर निकी लाउडा यांची फेरारी पेटली आणि ते जबर भाजले. शर्यतीत आगीची भीती किती खरी आहे, हे त्या दिवशी जगाने पाहिलं. आज जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचा आगरोधक कपड्यांसाठी '८८५६-२०१८' नावाचा मानक आहे. तो कपड्यांप्रमाणे बुटांनाही लागू होतो आणि त्याची खूण बुटावर असते. अशा बुटाचा तळ इतका पातळ असतो की तो घालून भाजी आणायला गेलात, तर फुटपाथचा प्रत्येक खडा मोजता येईल.

दुकानातला चिन्हाचा बूट हा त्याचा शहरी भाऊ. पुमाचा 'स्पीडकॅट' घ्या. १९९९ साली आलेला हा बूट शर्यतीच्या बुटावरून बेतलेला: अरुंद, चपटा, टाचेकडे गोलसर. पुढे पुमाने फेरारी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांच्या चिन्हांचे बूट काढले. या कंपनीचं भारतातलं मुख्य कार्यालय आमच्या बंगळुरूतच आहे, त्यामुळे इथल्या पोरांना हे बूट घरचे वाटतात. यातले काही खरोखर चपटे आणि पातळ तळाचे असतात, गाडीत छान चालतात. काहींवर मात्र नुसतं चिन्ह असतं. खाली तोच दोन बोटं जाड गादीचा तळ, जॉगिंगच्या बुटासारखा.

म्हणजे पहिलं आणि दुसरं, दोन्ही मतं खरी आहेत. दोघं वेगवेगळ्या बुटांबद्दल बोलत असतात, एवढंच. चिन्ह सारखं असलं तरी तळ सारखा नसतो. म्हणून बूट विकत घेताना तो आधी उलटा करून बघा.

आमच्या रस्त्यावर याचा उपयोग काय?

तुम्ही म्हणाल, शर्यतीचं आम्हाला काय सांगता? आमची गाडी तर सिग्नलला उभी! अगदी खरं. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत बंगळुरूत दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागत होती. पुणेकरांनी हसू नये. त्यांना ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती. म्हणजे तासाला साडेसतरा-अठरा किलोमीटर. सायकलवालाही मागे वळून बघेल असा वेग!

पण पायाचं काम अशा रहदारीतच वाढतं. जे. पी. नगरहून रिंग रोडने सिल्क बोर्डाकडे जाताना क्लच किती वेळा दाबला, ते मोजायला जाऊ नका. थोडं सोडायचं, थोडं दाबायचं, पुढच्या रिक्षाच्या मागे वीतभर सरकायचं. पायाला क्लचचा नेमका बिंदू कळला नाही तर गाडी हिसका खाते, बंद पडते आणि मागचे हॉर्न सुरू होतात. गाडी शिकणाऱ्याची निम्मी भीती इथेच असते.

आणि मग येते दिवाळी किंवा गणपती. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर अशी पुण्याकडे निघतात. बंगळुरू ते पुणे सुमारे साडेआठशे किलोमीटर. तिथे वेग शंभरावर असतो. शंभराच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. जाड बुटाची कड ॲक्सिलरेटरला अडकली किंवा चप्पल तिरकी झाली आणि ब्रेक सापडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. तीन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल, तेवढी. मागच्या सीटवर आजी आणि नातवंडं झोपलेली असतात. त्यांचा सगळा भरवसा त्या एका पायावर असतो.

चप्पल, कायदा आणि पायाखालची जागा

"चपलेवर गाडी चालवली तर दंड होतो म्हणे?" हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. सप्टेंबर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याचे नवे दंड लागू झाले तेव्हा अशा अफवांना ऊत आला होता. त्या वेळी नितीन गडकरी यांच्या कार्यालयानेच खुलासा केला होता की चप्पल, लुंगी-बनियन किंवा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला म्हणून दंड करण्याची तरतूद कायद्यात नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतला ९७ वा नियमही अमुकच बूट घाला असं म्हणत नाही. तो एवढंच सांगतो की कपडे किंवा पादत्राणं यांमुळे गाडीची उपकरणं नीट वापरण्यात अडथळा येता कामा नये. मला हा नियम घरात भिंतीवर लिहून ठेवावासा वाटतो.

या नियमाने तपासलं तर टाच मोकळी असलेली कुठलीही चप्पल नापास. कोल्हापुरी दिसायला राजेशाही. पण मागे पट्टा नाही आणि चामड्याचा तळ ओला झाला की सुळकन घसरतो. रबरी स्लिपर पेडलमागे दुमडते. उंच टाचेच्या सँडलमध्ये टाच जमिनीवर टेकत नाही, त्यामुळे पायाला आधारच राहत नाही. आणि अनवाणी पाय? पेडल उत्तम समजतं, हे मान्य. पण जोरात ब्रेक दाबायची वेळ आली तर तळव्याला पेडलची कड बोचते, घामाने पाय सरकतो, आणि काच फुटून गाडीतून खाली उतरायचं झालं तर पाय उघडाच!

त्याहून मोठा धोका काढून ठेवलेल्या चपलेचा. चालकाच्या पायापाशी ठेवलेली चप्पल किंवा पाण्याची बाटली उतारावर घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही. पायाखालच्या वस्तूने काय होऊ शकतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे २००९ साल. पायपुसणं सरकून ॲक्सिलरेटर अडकू शकतो म्हणून टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत सूचना काढली होती. एवढी मोठी कंपनी हलली ती एका पायपुसण्यामुळे! तेव्हा चालकाच्या पायापाशी चालकाचे पाय सोडून दुसरं काहीही नको. काढलेली चप्पल मागे, डिकीत.

मग घ्यायचं काय?

बूट घेताना पाच गोष्टी बघा. तळ पातळ हवा. हाताने वाकवला तर सहज वाकला पाहिजे. बूट अरुंद हवा, तळाची कड बाजूला पसरलेली नको, कारण छोट्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर अगदी जवळजवळ असतात. टाच मागून गोलसर असली तर पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर वळवायला सोपं जातं. पाय मागून धरलेला हवा. आणि नाडी असेल तर तिची टोकं आत खोचता आली पाहिजेत. लांब लोंबणारी नाडी पेडलला अडकते.

या पाचही कसोट्यांना उतरणारा बूट फेरारीच्या घोड्याचा असू शकतो, तसाच शाळेच्या पीटीचा साधा कॅन्व्हासचा बूटही असू शकतो. खरं सांगायचं तर कॅन्व्हासचा बूट बहुतेक वेळा पहिल्या झटक्यात पास होतो, आणि त्याची किंमत चिन्हाच्या बुटाच्या पासंगालाही पुरत नाही. रबरी उंचवट्यांचे महागडे इटालियन धर्तीचे बूट घेणार असाल तर ते घालून फार चालू नका. फुटपाथवर ते उंचवटे झिजतात, आणि बंगळुरूचा अवचित पाऊस त्या मऊ चामड्याची पार रया घालवतो.

माझा सल्ला विचाराल तर असा: गाडीत एक जोड कायमचा ठेवा. घरून कोल्हापुरी घालून निघा, लग्नाला उंच टाचा घालून जा, काही बिघडत नाही. गाडीत बसलं की बूट बदलायचे आणि चपला मागे ठेवायच्या. पट्टा लावण्याच्या सवयीसारखी ही सवय आठवड्याभरात अंगवळणी पडते.

आणि वाढदिवसाच्या भेटीचं? जरूर द्या. हौसेला मोल नसतं, आणि ज्याला लहानपणापासून गाड्यांच्या आवाजावरून गाडी ओळखता येते, त्याला ते चिन्ह पाहून जो आनंद होतो तो खोटा नसतो. फक्त त्याला दुकानात घेऊन जा, बूट उलटा करायला लावा, आणि घरी आणल्यावर गाडी बंद असताना तिन्ही पेडलवर पाय फिरवून बघायला सांगा. न जमले तर परत करायची मुदत असतेच.

एक गोष्ट मात्र विसरू नका. घरातल्या गाडीवेड्याला बूट मिळतात, पण त्याच घरात पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला निघालेली आई, काकू किंवा वहिनी साडी सावरत, सपाता घालून चालकाच्या जागेवर बसते. तिला कुणी विचारत नाही, "पायात काय घातलंयस?" गाडी हिसका खाल्ली की मात्र सगळे तिलाच बोलतात. तिचा पाय चुकत नसतो, सपाता सरकत असते. पुढच्या वेळी बूट घ्यायला जाल तेव्हा दोन जोड घ्या. एक घोड्याचा असू दे, दुसरा साधा कॅन्व्हासचा. तो तिच्यासाठी, तिच्या मापाचा.

तुमच्या घरी कोण काय घालून गाडी चालवतं? आज संध्याकाळी जरा खाली वाकून बघाच. आणि काय दिसलं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या वेळी. तोवर सांभाळून चालवा!